हात कोणाचा कापला

एका वाक्यावर माणूस किती कमावतो याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. मी ठेवला आहे. रॉयस पिकेटचं वाक्य अगदी लहान होतं : "अर्विनचा हात कापला." म्हणजे थरथरला, नेम चुकला. हे बोलायला त्याला एक सेंटही पडला नाही. त्या बदल्यात त्याच्या दुकानातल्या बंदुकीच्या सोनेरी टोकांच्या गोळ्यांची अब्रू वाचली, उन्हाळ्यात बाहेरून येणारे तंबूवाले त्याच डब्या उचलत राहिले, आणि गावात कोणी त्याला वाकडा प्रश्न विचारला नाही. अर्विनचा हात खरोखर कापला तो त्याआधीच, अँकरेजच्या डॉक्टरांनी, कोपराच्या वर. ती रक्कम रॉयसने कधी हिशेबात धरली नाही.

मित्रांनो, मी एक जुनी, न झाडलेली गोळी आहे. ऑपलच्या खाणावळीत, गल्ल्याशेजारी, उकडलेलं अंडं ठेवायच्या कपात मी उभी असते. माझ्यातली दारू कधीच काढून टाकली आहे, तेव्हा घाबरू नका. जवळ येऊन पाहाल तर माझं चपटं नाक पितळी नळीतून जरा जास्तच बाहेर आलेलं दिसेल. ते नाक तसं बाहेर कसं आलं, तीच माझ्या आयुष्याची गोष्ट आहे. ती गोड नाही. मी शिशाची आहे. माझ्याकडून गोडाची अपेक्षाही करू नका.

माझा पहिला जन्म चाकावर गेला. गाडीच्या चाकाचा तोल राहावा म्हणून त्याच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकतात. अर्विन स्टॉकस्टिलच्या जुन्या मालगाडीच्या चाकावरचा मी तसाच एक तुकडा होते. लूनटेल नदीवर अस्वलाने त्याचा हात फाडला आणि त्याला घेऊन त्याची बायको नेल्डा दवाखान्याकडे निघाली, तेव्हा मी खाली गरगरत होते. वर अर्विन पुन्हा पुन्हा एकच सांगत होता.

"लागल्या गं नेल्डा. तिन्ही लागल्या. खांद्यातच मारल्या. ते थांबलंच नाही."

"बोलू नकोस. पट्टी दाबून धर."

"नेम चुकला नाही माझा."

"माहीत आहे मला. दाब म्हणते ना!"

हे नेल्डाने ऐकलं आणि मी ऐकलं. पण बायकोची साक्ष कोण धरतं, आणि चाकाला कोण विचारतं? अस्वल त्याला सोडून रानात गेलं ते पुन्हा कोणाला दिसलं नाही. तेही साक्षीला येईना. मग रॉयसचं वाक्य मोकळं सुटलं. तो ते ऑपलच्या खाणावळीत बोलला, तोंडात धिरडं घोळवत, आणि नेल्डा तिथेच पाठीमागच्या बाकावर बसलेली होती. तिने कॉफी संपवली, पैसे ठेवले, घरी आली आणि गाडीच्या चाकांवरचे शिशाचे तुकडे एकेक करून उपटायला लागली.

असा माझा दुसरा जन्म झाला. शेडमधल्या लोखंडी भांड्यात नेल्डाने आम्हाला वितळवलं, कथील घातलं, मेणबत्तीचा तुकडा टाकून वर आलेला मळ काढला. साच्याची मूठ अर्विनने उरलेल्या हाताने धरली आणि तिने ओतलं. साचा उघडला की आम्ही तापलेल्याच थेट पाण्याच्या बादलीत पडायचो. त्याने शिसं कडक होतं. पडताना मी जे चर्र केलं ते रागाने केलं, हे मात्र त्या दोघांना कळलं नाही. मला त्याच दिवसापासून सूड हवा होता.

आता सोनेरी टोकांच्या त्या माझ्या बहिणींबद्दल दोन शब्द, म्हणजे मी नुसती जळते असं तुम्हाला वाटायला नको. त्यांच्या नाकाला खळगा असतो. अंगात शिरल्या की त्या फुलासारख्या उमलतात आणि लगेच थांबतात. माणसांच्या वस्तीत ते बरंच, कारण गोळी आरपार जाऊन भलत्यालाच लागत नाही. पण तपकिरी अस्वल म्हणजे आधी केस, मग चरबी, मग दोरखंडासारखा खांदा आणि त्याखाली हाड. तिथे चरबीतच उमलून बसलेल्या फुलाचा काय उपयोग? माझ्यासारखी कडक, जड, चपट्या नाकाची गोळी उमलत नाही. ती वाकडी न होता खोल जाते. दिसायला मात्र आम्ही मळक्या.

दारू भरलेल्या पितळी नळीत बसवून नेल्डाने मला रॉयसच्या दुकानात नेलं आणि काउंटरवर ठेवलं. टेक्सासहून आलेलं एक नवराबायकोचं जोडपं तिथेच उभं होतं. तंबूत झोपायचं, तर अस्वलासाठी काय घ्यावं, असं ते विचारत होते.

"हे घ्या," नेल्डा म्हणाली.

रॉयसने मला दोन बोटांत उचललं. "हे? बाईसाहेब, हे मासेमारीच्या दोरीला लावायचं वजन आहे. तळ गाठायला उत्तम!"

ते जोडपं हसलं आणि सोनेरी डबी घेऊन गेलं.

"गेल्या वर्षी अर्विनला तू हीच डबी दिली होतीस," नेल्डा म्हणाली.

"नेल्डा, वाईट वाटतं गं मला. खरंच. पण गोळी आपली आपण नेम धरत नाही ना?"

तिने मला खिशात टाकलं. खिशातला तिचा हात मुठीसारखा आवळलेला होता. मी त्यातच होते.

त्यानंतर एके दिवशी भरल्या खाणावळीत ती उभी राहिली. ऑगस्टमध्ये चंदेरी सॅमन मासे वर चढतात, तेव्हा अर्विन, नेल्डा आणि ऑपल नदीवर तंबू टाकतात. ती म्हणाली, "रॉयस, यंदा तूही चल. तुझं रिव्हॉल्वर आण आणि तुझ्या सोनेरी गोळ्या आण. मी माझी वजनं आणते."

"मला दुकान आहे, बाई."

"जाहिरात होईल की," ऑपल तव्यावरून म्हणाली. ऑपल सत्तरीची आहे आणि तिचं तोंड म्हणजे गावचं वर्तमानपत्र. "का रे, हात कापतोय की काय?"

सगळे हसले. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं रॉयसला परवडणारं नव्हतं.

लूनटेलच्या वाळवंटात आम्ही तंबू ठोकले. चूल आणि खाण्याचे डबे तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. ते तिथे पोरंसोरंही करतात. रॉयस बढाया मारत होता. त्याचं रिव्हॉल्वर नवं, महागाच्या हलक्या धातूचं. "कमरेला आहे हेसुद्धा कळत नाही," असं तो प्रत्येकाला सांगायचा. पण नदीकाठच्या चिखलात ताटाएवढा पंजा उमटलेला दिसला आणि त्याचं बोलणं आटलं.

सकाळी तिघं गळ घेऊन नदीवर गेली. रॉयस म्हणाला, माझी पाठ धरली आहे. आम्हा गोळ्यांचा डबा नेल्डाच्या सामानात होता. नेल्डा तो डबा कधी उघडा ठेवत नाही. त्या दिवशी तो उघडा होता. राहिला की ठेवला, ते मला विचारू नका. मला तेव्हा फार आनंद झाला होता एवढंच सांगते.

रॉयस आला. त्याने आमच्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. मग त्याने आपल्या रिव्हॉल्वरमधल्या सोनेरी गोळ्या काढून बुटात लपवल्या आणि आम्हा पाचजणींना आत बसवलं. मासेमारीच्या वजनांना! मी आतल्या आत इतकी हसले की मला वाटलं, आत्ताच उडेन.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. गोळी पितळी नळीत टिकावी म्हणून नळीचा काठ तिच्याभोवती आवळतात. नेल्डाचं रिव्हॉल्वर पोलादी, जडशीळ. तिने आमचे काठ त्याच्याच बेताने आवळले होते. हलकं रिव्हॉल्वर झाडलं की ते हिसका देऊन मागे उसळतं. नळ्या त्याच्याबरोबर मागे जातात, आणि जड शिसं जागीच राहू पाहतं. एक उडाली की शेजारणीचं नाक थोडं बाहेर येतं. जास्त बाहेर आलं की गोळ्यांचं चक्र अडतं आणि पुढचा बार होत नाही. हे नेल्डाला माहीत होतं. रॉयसलाही माहीत होतं. गिऱ्हाइकांना तो हेच बजावत असे. भीतीने तो स्वतःचाच धंदा विसरला.

दुपारी मासे साफ करायचं काम त्याच्याकडे होतं. आतडी नदीच्या धारेत फेकायची असतात. चिखलातला पंजा पाहिल्यापासून तो पाण्याजवळ जात नव्हता, म्हणून त्याने घाणीची बादली आपल्याच तंबूमागे सारली.

अस्वल त्या बादलीसाठीच आलं. विलोच्या झुडपांतून आधी डोकं, मग अख्खा डोंगर. ते दात वाजवत होतं, आणि पुढच्या उजव्या पायाने लंगडत होतं. खांद्यावर केस नसलेला एक चट्टा होता.

"अर्विन," ऑपल हळूच म्हणाली, "खांदा बघ."

रॉयसने बार काढला. माझी पहिली बहीण वाळूत गेली. अस्वल थबकलं, फुत्कारलं. दुसरी बहीण ऑपलच्या होडीला भोक पाडून गेली.

"माझी होडी!" ऑपल ओरडली. "अरे मेल्या, अस्वल तिकडे आहे!"

दोन्ही हिसक्यांनी मी सरकले होते. आता मी नाक बाहेर काढून चक्र अडवून बसले. रॉयस घोडा दाबत होता, दाबत होता, आणि काहीच होत नव्हतं. त्याचे दोन्ही हात पिंपळाच्या पानासारखे कापत होते. मित्रांनो, या क्षणासाठी मी वितळले होते. मला वाटलं, आता या, अस्वलराव, बाकीचा हिशेब तुम्ही पुरा करा.

नेल्डाने आपलं रिव्हॉल्वर उचललं होतं. पण रॉयस तिच्या आणि अस्वलाच्या बरोबर मधे उभा होता. तिला झाडता येईना. हे तिने मोजलेलं नव्हतं.

तेव्हा अर्विन चुलीपाशी वाकला. त्याने कढईचं लोखंडी झाकण उचललं, ते दगडावर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि पावलापावलाने पुढे होत रॉयसच्याही पुढे जाऊन उभा राहिला.

"चल बाबा," तो अस्वलाला अगदी हळू म्हणाला. "ओळखलं मी तुला. तुझं माझं झालं एकदा. ती बादली घे आणि जा. चल."

झाकण त्याने ढालीसारखं समोर धरलं होतं. मी चक्रातून पाहत होते. ते झाकण जराही हललं नाही.

अस्वलाने बादली तोंडात धरली आणि ते लंगडत झुडपांत गेलं.

मग ऑपल रॉयसजवळ गेली, त्याच्या मुठीतलं रिव्हॉल्वर सोडवून तिने डोळ्यांशी धरलं. मी बाहेर आलेलीच होते.

"रॉयस, हे मळकं नाक कोणाचं रे? तुझी सोनेरी कुठे गेली?"

रॉयसने बुटातला पाय मागे घेतला.

"बूट काढ," नेल्डा म्हणाली.

"नेल्डा, मी..."

"बूट काढ आणि बोल."

त्याने बूट काढला. गोळ्या वाळूत पडल्या. "मला त्यांचा भरवसा नव्हता," तो म्हणाला. "गेल्या वर्षापासूनच नव्हता."

"आणि हात कोणाचा कापला?" ऑपलने विचारलं.

रॉयसने आपल्या हातांकडे पाहिलं. ते अजून थांबले नव्हते. "माझा," तो म्हणाला.

माझा सूड पुरा झाला. मी तो चाखतच होते, एवढ्यात अर्विन नेल्डाकडे वळला.

"डबा तू कधी उघडा ठेवत नाहीस."

ती वाळूतल्या गोळ्या वेचायला लागली.

"मी झाकणाशी नसतो तर?"

अर्विनने झाकण चुलीवर ठेवलं आणि तो एकटाच नदीकडे गेला. आता मात्र त्याचा हात कापत होता. तो फक्त मला आणि नेल्डाला दिसला.

गावात परत आल्यावर नेल्डाने माझी दारू काढली आणि मला ऑपलकडे देऊन टाकलं. अर्विन शेडमध्ये साचा धरायला पुन्हा गेला नाही. एकटीला ओतता येत नाही, म्हणून भांडं थंड पडलं आहे. रॉयस अजून रोज येतो, माझ्याकडे पाठ करून धिरडं खातो. आता तो तंबूवाल्यांना सोनेरी डब्या अस्वलासाठी म्हणून विकत नाही.

तेव्हा मित्रांनो, रानात जाल तर खाणं आणि घाण तंबूपासून लांब ठेवा. जे दुसऱ्याला विकता ते आधी स्वतःच्या कमरेला लावून पाहा. आणि गोळ्यांचा डबा बंद ठेवा, घरातल्या माणसांपासूनसुद्धा. मला जपायचं असेल तर असंच कपात उभं राहू द्या, झाडू नका.

आता शेवटची बेरीज. रॉयसने "माझा" हा एक शब्द दिला, ऑपलने होडी, अस्वलाने एक पाय, आणि तेही बादली घेऊन गेलं. सूड नेल्डाने घेतला आणि मी घेतला. त्याचे पैसे कोणी भरले म्हणाल तर, एकच हात उरलेल्या माणसाने तोच हात पुढे करून भरले. पहिल्या वेळीही त्यानेच भरले होते.