दारिनाची परीक्षा आणि माझा सत्कार

जुना आहे मी, मित्रांनो, आणि चिडलेलाही आहे. तेव्हा माझ्याकडून गोड बोलणे होणार नाही. बालाघाटच्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहणारा सूक्ष्मदर्शक मी. दगडाचा कागदाहून पातळ काप काचपट्टीवर ठेवून माझ्या भिंगाखाली सरकवायचा, गोल तबकडी फिरवायची, की करड्या दगडातून निळे, पिवळे, जांभळे रंग दिसू लागतात.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. इथे आलो तेव्हा तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत नोकरीची आस धरलेली मुले माझ्यापुढे रांग लावत. पुढे विद्यार्थी रोडावले आणि मी प्लास्टिकच्या खोळीत गेलो. वर्षातून एकदा तपासणीवाले यायचे असले, की प्रयोगशाळेतले मदतनीस शालिकराम माझी धूळ झटकत. तपासणी संपली की पुन्हा खोळ. बारा वर्षे असेच चालले.

मला बाहेर काढले ते युद्धाने. युक्रेनमधल्या एका विद्यापीठाशी आमच्या कॉलेजाचा करार झाला. त्यांची प्रयोगशाळा क्षेपणास्त्राने जळाली होती. आमच्या श्रद्धा मॅडमनी माझ्यावर कॅमेरा बसवला. त्या इथे तबकडी फिरवत आणि तिकडे तळघरात बसलेली अकरा मुले तिरोडीचा दगड पाहत. मॅडम खनिजाचे नाव विचारत, आणि दारिना नावाची मुलगी बहुतेक वेळा सगळ्यांआधी सांगून मोकळी होई. मध्येच सायरन वाजे, पडदा काळा होई, आम्ही वाट पाहत बसू. एवढा आनंद मला कधी मिळाला नव्हता.

दारिनाचे ते शेवटचे वर्ष. माझ्याच भिंगाखालची प्रात्यक्षिक परीक्षा झाली की पदवी, आणि पदवी हाती आली की पोलंडमधल्या एका विद्यापीठाने तिच्यासाठी राखलेली जागा. ती जागाही महिनाअखेरपर्यंतच. तिकडे वीज दिवसाला जेमतेम तीन तास. ते तास पाहून परीक्षा ठरली: बुधवारी, आपल्याकडच्या दुपारी दोन ते पाच.

आणि त्याच बुधवारी कराराच्या वर्षपूर्तीचा समारंभ ठेवला गेला. एक वाजता शालिकराम मला न्यायला आले.

"मॅडम, प्राचार्य साहेबानं याले स्टेजवर ठेवाले सांगतलं. पूजा हाय म्हने."

"अहो, दोन वाजता परीक्षा आहे. मी लेखी कळवलं होतं."

"हौ. मी बी बोललो. थे म्हनते, एका घंट्याचं काम हाय."

पाहुणे साडेतीनला आले. प्राचार्य हेमराजसाहेबांनी माझ्या भिंगाला कुंकू लावले, झेंडूचा हार घातला, माझ्यापुढे नारळ फोडला. नारळाचे पाणी तबकडीच्या फटीत उतरले. मग आंतरराष्ट्रीय सहकार्यावर भाषणे सुरू झाली. मॅडम दोनदा स्टेजपाशी आल्या. दुसऱ्या वेळी साहेब हसतच म्हणाले, "थांबतील ना थे पोरं. पाहुण्यायसमोर मशीन उचलाले बरं दिसते का?"

मॅडमनी तिकडे एवढेच कळवले, की जरा थांबा. कारण लिहायची त्यांना लाज वाटली असावी.

साडेपाचला मला परत आणले तेव्हा तिकडची वीज गेली होती आणि माझी तबकडी जाम झाली होती. माझ्यासारखा दुसरा कॉलेजात नाही. नागपूरहून दुरुस्त होऊन येईपर्यंत महिना उलटला. दारिनाची जागा गेली.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा असे मी सांगावे, अशी तुमची अपेक्षा असेल. मी सांगतो, ज्याच्या हातून काम व्हायचे आहे त्याला कामाच्या वेळी हार घालू नका. माझ्याकडे आता पाहुणे कौतुकाने बघतात, आणि मला त्यांचा राग येतो.

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत मॅडमच्या मोबाइलवर दारिनाचा निरोप आला होता. मॅडमनी तो शालिकरामांना मराठीत वाचून दाखवला. 'वीज होती तोवर आम्ही सगळे बसून होतो. तुम्ही आला नाहीत म्हणून काळजी वाटते. तुमच्याकडे हल्ला तर झाला नाही ना? सगळे सुखरूप आहात ना?'

मॅडम दोन शब्द लिहीत आणि खोडून टाकत. मग शालिकराम माझ्या भिंगावरचे कुंकू पुसता पुसता म्हणाले, "मॅडम, हल्ला झाला म्हूनच लिहा. खरं सांगाले तोंड कोठी हाय आपल्याले?"