मनुबाई जोतीराम

मालक गेल्यापास्नं माझ्या डोळ्याला पाणी न्हाई. दहाव्याला बाया म्हणाल्या, "रड गं बाई, मोकळी हो." म्या म्हणलं, येतच न्हाई तर काय बादलीनं आणू? भाकरी थापत हुते, खात हुते, भांडी घासत हुते. तोंडाला चव तेवढी नव्हती.

मालक पलटणीतनं रिटायर झालेलं. त्येंची पेन्शन माझ्या नावावर करायला माझा पोरगा दिग्विजय साताऱ्याला जाऊन आला. एरवी लय फटकळ. त्या दिशी पायरीवरच बसला, बूट काढंना.

"आई, अण्णांचं आधी कुठं लगीन झालं हुतं का?"

"काय बोलतुयास रं?"

"पलटणीच्या कागदात बायकोचं नाव मनुबाई हाय. तू राणी. सायब म्हणत्यात, ही मनुबाई कोण? तिला हजर करा."

आता ह्याला काय म्हणावं! चाळीस वरसं एका माणसाचा संसार केला, आन् त्येच्या माघारी मलाच इचारत्यात, तू कोण. मला मालकांचाच राग आला. मेल्या माणसाचा राग धरू नये म्हणत्यात, पण आला.

मनुबाई मीच. तासगावची. लगीन ठरलं आन् मग सासूच्या ध्यानात आलं, थोरल्या सुनेचं नावबी मनुबाईच हाय. एका चुलीवर दोन मनुबाया कशा चालतील? हाक मारली तर ओ कुणी द्यायची? मग धाकटी झाली राणी. मालकांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिवलं, सगळ्यांनी वाकून बघितलं, आन् त्येच तांदूळ दुसऱ्या दिशी शिजवून खाल्लं. मला कुणी इचारलं न्हाई. म्याबी बोलले न्हाई.

मालकांना त्ये पटलं नव्हतं. म्हणायचं, "पलटणीत बूट बदलायचा तरी अर्ज लागतोय. हितं आख्खं माणूस तांदळात बदलत्यात व्हय?" सुट्टी संपवून गेलं आन् तिकडं बायकोचं नाव लिवून दिलं मनुबाई. चारचौघांत मी 'दिग्याची आई'. दार लावलं की 'मने'. लडाखातनं फोन आला तरी आधी इचारायचं, "जवळ कोण हाय का?" न्हाई म्हणलं की मग, "मने, जेवलीस का?"

पोराला ह्यातलं काय ठावं असणार? आमच्या घरात मनुबाई म्हंजे त्येची थोरली काकी.

वकील म्हणाला, "कोर्टातनं वारस दाखला काढू. पण मनुबाई आणि राणी एकच, ह्याचा पुरावा पाहिजे. लग्नाची पत्रिका, शाळेचा दाखला, कायतरी आणा." शाळेत घातलं असतं तर दाखला असता! पोराला घिऊन तासगावला गेले. माहेरच्या घराच्या जागी बेदाण्याचं शेड उभं. भाऊ कवाच गेला. भाचं मला आत्या म्हणत्यात, आत्याला नाव असतंय हेच त्येंला ठावं न्हाई. पिशवीभर बेदाणं दिलं. कागद एक न्हाई.

दिग्विजय म्हणाला, "काकीला इचारू की. तिला ठावं असंल."

"मेले तरी तिच्या दारात जाणार न्हाई." वाटणीपास्नं थोरलीचं आन् माझं बोलणं तुटलेलं. मालकांच्या मातीला आली, एका बाजूला बसली आन् गेली.

कोर्टानं जाहीर नोटीस काढली. राणी ऊर्फ मनुबाई जोतीराम ही मयताची बायको असल्याचं म्हणते, कुणाची हरकत असंल तर कळवावं. पेपरात आली, चावडीवर बी लागली. सगळ्या गावानं वाचली. माझं लगीन झालं का न्हाई, ह्येवर गावाची हरकत मागवली. मला लाजबी वाटली न्हाई. आतनं सगळं बधिर झालं हुतं.

तारखेला साताऱ्याच्या कोर्टात गेलो, तर व्हरांड्यातल्या बाकड्यावर थोरली बसलेली. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. हरकत घ्यायलाच आली असणार. एक नाव घिऊन भागलं न्हाई, आता नवराबी कागदावरनं पुसती काय माझा? पोराकडं बघितलं, तर त्येनं मान खाली घातली.

पट्टेवाल्यानं हाळी दिली, "मनुबाई जोतीरा‌म!"

मी बसूनच. त्या नावानं मला हाक मारणारा गळा एकच, आन् ह्यो त्यो नव्हता. पट्टेवाल्यानं दुसऱ्यांदा हाळी दिली. थोरली उठली, माझ्यापुढं आली.

"उठ की. तुला बोलावत्यात."

आत जज सायबांनी कागद चाळलं. म्हणाले, "पुरावा काहीच नाही, आजी. तुम्हाला मनुबाई म्हणून ओळखणारं कोणी आहे का?"

"हुता एक माणूस, सायब. त्येचाच मृत्यूचा दाखला तुमच्या फायलीत वर लावलाय."

मग मागनं थोरलीचा आवाज आला, "मी हाय, सायब."

तिला पिंजऱ्यात घेतलं, शपथ दिली. नाव इचारलं.

"मनुबाई कृष्णात. ही माझी धाकटी जाऊ. हीबी मनुबाईच. मी ह्या घरात आधी आले म्हणून नाव मला ऱ्हायलं आन् हिचं काढून घेतलं. अंगाला हळद तशीच, ही परसात रडत हुती. म्या बघितलं. सासूला म्हणायला पायजे हुतं, ऱ्हाऊ द्या दोघी. न्हाई म्हणलं. माझ्या मनात आलं, हिला नाव दिलं तर मला काय ऱ्हाईल?"

जज सायबांनी सगळं लिवून घेतलं. म्या अंगठा उठवला. वकील म्हणाला, "झालं काम. पुढच्या तारखेला दाखला." पोरगा माझा हात धरून हासत हुता. मला कायबी वाटलं न्हाई. शाई पदराला पुसली आन् चालाय लागले.

स्टँडवर ही गर्दी! यष्टी लागली तशी लोकं दाराशी तुटून पडली. दिग्विजय पाणी आणायला गेलेला. मी लांब खांबाला टेकून हुते. थोरली म्हातारी, पण धसमुसळी. खिडकीतनं पिशवी आत टाकली, लोकांना कोपरानं सारत चढली, आन् खिडकीतनं तोंड काढून आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी वरडली,

"मने! ए मने! ये की गं, जागा धरलीया!"

तिला तिच्या माहेरी कुणीतरी असंच म्हणत असंल.

ओ द्यायला तोंड उघडलं, पण ओ आलीच न्हाई. रडू आलं. मालक गेल्यावर पयल्यांदा, तिथंच खांबाखाली बसून, सगळ्या स्टँडच्या म्होरं मी मोठ्यानं रडले. लोकं बघत हुती. बघू देत. कंडक्टर घंटी मारत हुता आन् थोरली त्येला शिव्या देत हुती, "थांब की रं मेल्या, मनुबाई यायची हाय अजून."