हौदावरचा गालिचा

रोग लांब ठेवायचा तर कोंबड्यांपाशी माणसं फिरकू द्यायची नाहीत, हे समजावून सांगण्यासाठी अध्यक्षांनी साठ माणसं कोंबड्यांपाशी बोलावली होती.

अध्यक्ष म्हणजे कुक्कुटपालक संघाचे अध्यक्ष, आणि घरात सूनबाईचे सासरे. शेड त्यांच्या नावावर होती, पण आतल्या चार हजार कोंबड्यांना अध्यक्ष कोण याचा पत्ता नव्हता. त्यांना सून ठाऊक होती. सात महिन्यांच्या ठमीला पाजून ती सासूच्या मांडीवर द्यायची, शेडच्या मागच्या आडोशाला घरचे कपडे उतरवून निळा झगा आणि शेडचे गमबूट चढवायची आणि दारातल्या जंतुनाशकाच्या उथळ हौदात पाय बुडवून आत शिरायची. परतताना सगळं उलट, शिवाय डोक्यावरून आंघोळ. मगच लेकीला हात लावायचा. ठमीला हे कळत नसे. ती आईचे ओले केस मुठीत धरून ओढायची आणि उशिराचा दंड वसूल करायची.

पंधरा दिवसांपूर्वी नदीपलीकडच्या एका शेडमध्ये कोंबड्यांचे तुरे जांभळे पडले होते. तीन दिवसांत शेड आडवी झाली. मग सरकारी माणसं आली आणि आजूबाजूच्या शेडमधल्या धडधाकट कोंबड्याही मारून पुरून गेली. तेव्हापासून सून डोळ्यांत तेल घालून होती. तिने जाळीची भोकं शिवली, दारातल्या हौदाचं पाणी रोज बदललं, नवऱ्याला अंड्यांची गाडी फाटकाबाहेर लावायला लावली. अध्यक्ष मात्र मेळाव्याचे फलक छापून घेत होते.

मेळाव्याच्या सकाळी ती शेडच्या पुढच्या दारापाशी आली आणि बघतच राहिली. हौद नाहीसा झाला होता. त्या जागी लाल गालिचा.

"मामा, हे काय?"

"गालिचा," अध्यक्ष म्हणाले. छातीवरचा बिल्ला ते सरळ करत होते. "पशुसंवर्धन खात्याच्या साहेबांचे बूट भिजतील म्हणून हौदावर फळी टाकून घेतलीय. तुझ्या हौदाला धक्का लागलेला नाही."

"हौद पाय बुडवायलाच आहे."

"तो कोंबड्यांसाठी गं! साहेब काय कोंबडी आहेत?"

"कोंबड्यांचे पाय स्वच्छच आहेत, मामा. त्या बाहेर कुठे हिंडत नाहीत."

अध्यक्षांना ते ऐकू आलं नाही. न ऐकण्याची कला त्यांनी पंचवीस वर्षांच्या समाजकार्यात कमावली होती. भाषणं झाली की साहेब शेड पाहणार, कोंबडी हातात घेऊन फोटो काढणार आणि मागोमाग बाकीचे सगळे, असा बेत त्यांनी ऐकवला. "आदर्श शेड आहे आपली. लोकांनी आदर्श बघायला नको?"

साठातले निम्मे लोक स्वतःच्या शेडमधून उठून थेट येणार होते, तीच पायताणं आणि त्यांना चिकटलेलं सगळं घेऊन. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मांडवात खुर्च्या पुसत होता. एक खुर्ची त्याने तीनदा पुसली, पण मान वर केली नाही.

मग ती ठमीला पाजून, कपडे बदलून, मागून आत गेली आणि कामाला लागली.

मांडवातला आवाज जाळीतून आत येत होता. साहेब मोठे वक्ते. "एकही परकं पाऊल," त्यांनी माईकवर मूठ आपटली, "एकही परकं पाऊल शेडमध्ये पडता कामा नये!" टाळ्या. मग कोंबडीखाद्याचा व्यापारी उठला. फलक त्याच्या खर्चाने झाले होते, म्हणून त्याला दहा मिनिटं मिळाली होती. "बोलणारे पुष्कळ असतात," तो म्हणाला, "मी आज सकाळीच नदीपलीकडे जाऊन आलो. आणखी एका शेडमध्ये मर लागलीय. बिचारा मालक रडत होता. स्वतः आत शिरून पाहिलं हो, पायाखाली मेलेल्या कोंबड्या! तिथून घरीही गेलो नाही, अस्सा थेट इथे आलो. याला म्हणतात तळमळ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुनेच्या हातातली खाद्याची बादली मात्र जागीच थांबली.

"चला," साहेबांचा आवाज आला, "आता शेड बघू."

तिने बादली ठेवली आणि पुढच्या दाराची कडी आतून घातली. कोंबड्यांनी माना वाकड्या करून तिच्याकडे पाहिलं.

गालिच्यावर बूट वाजले. दार हललं. "सूनबाई, उघड गं," अध्यक्ष खास पाहुण्यांसाठी राखलेल्या गोड आवाजात म्हणाले.

"नाही उघडणार, मामा."

"लाजते जरा," अध्यक्ष मागे वळून म्हणाले. मग दाराला तोंड लावून, "चारचौघांत शोभा करतेस? उघड!"

"नदीपलीकडचे बूट दारात उभे आहेत. ते गेले तरी नाही उघडणार."

"बूट पुसलेत मी!" व्यापारी दुखावला. "आपल्या रुमालाने!"

"मग रुमालही लांब न्या."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांचा आवाज गोडही राहिला नाही आणि हळूही. मग त्यांना सुचायचं तेच सुचलं. सासूला त्यांनी ठमीसकट दाराशी उभं केलं. ठमीने गर्दी पाहून भोकाड पसरलं. "ऐक, लेकरू भुकेलंय. आई आहेस की कोण?"

सून दाराला पाठ लावून उभी राहिली. रडणं ऐकून तिला पान्हा फुटला. निळा झगा छातीवर ओला झाला. तिने ओठ दाताखाली धरले, कडीवरचा हात काढला नाही.

"ती नाही ऐकायची," अध्यक्ष बायकोला म्हणाले. "मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे आहे ना? जा, तिला बाहेर काढ आणि हे दार उघड."

ठमीचं रडणं दूर गेलं. काही वेळाने मागचं कुलूप खडखडलं. संपलं सगळं, असं सुनेला वाटलं. घरात या झग्याची आणि गमबुटांची सगळ्यांत जास्त टिंगल सासूच करायची. "कोंबड्यांच्या राणीची स्वारी निघाली," असं म्हणायची.

पण दार लगेच उघडलं नाही. आधी नळाचं पाणी वाजलं, बराच वेळ. मग हौदात पाय बुडाल्याचा आवाज, एक, आणि दोन. सासू आत आली ती दुसरा निळा झगा घालून, केस फडक्यात बांधून.

"ठमी तुझ्या नवऱ्याकडे दिलीय. खुर्च्या पुसून संपल्या त्याच्या," ती म्हणाली. "जा, आंघोळ कर, पाज पोरीला. कडी मी धरते."

"आई, मामा चिडतील."

"चिडू देत. तू यायच्या आधीचं तुला माहीत नाही. शेडमागचा तो मातीचा उंचवटा कशाचा आहे, विचारलंस कधी?"

बाहेर पुन्हा थाप पडली. "उघडतेस ना?"

"अहो, नाही उघडत!" सासू ओरडली. साठ जणांना ऐकू गेलं. "मागच्या खेपेला तुम्ही पाहुणे आत आणलेत आणि आठव्या दिवशी खड्डा खणावा लागला. कोंबड्या माझ्या हातांनी टाकल्यात त्यात. तुम्ही तेव्हाही अध्यक्षच होतात!"

बाहेर साहेबांनी घड्याळ पाहिलं. साहेबांना पुढचा कार्यक्रम होता. कोंबडीवाचून अडायला ते काही नवखे नव्हते. फलकावरच्या छापील कोंबडीशेजारी, गालिच्यावर, बंद दारासमोर फोटो निघाला. मग व्यापाऱ्याने पाहुण्यांना वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या शेडमध्ये नेलं. तिथे दार उघडं होतं, म्हणे, आणि मालकाला कृतकृत्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली : साहेबांनाही प्रवेश नाही! अध्यक्षांची कडक शिस्त. अध्यक्षांनी ती कापून चौकटीत घातली आणि आल्यागेल्याला सांगू लागले, "नियम म्हणजे नियम. मी सुनेलाही बजावून ठेवलं होतं."

सहाव्या दिवशी त्या दुसऱ्या शेडमध्ये तुरे जांभळे पडले. सुनेने ते ऐकलं तेव्हा ती ठमीला पाजत होती. तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तिथेही आत कुणीतरी बादली घेऊन उभी असेल, एवढंच मनात आलं.

त्या सकाळी अध्यक्ष पुढच्या दाराशी आले. गालिचा केव्हाच निघाला होता, हौद भरलेला होता.

"सगळ्या ठीक आहेत ना?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"ठीक आहेत. आत यायचं नाही, मामा. तिथूनच बघा. आणि इथवर आलाच आहात, तर पाय बुडवा."

अध्यक्षांनी चपला काढल्या नाहीत, चपलांसकट पाय बुडवले. धोतराचे सोगे हातात धरून विचारलं, "किती वेळ उभं राहायचं?"

एक मिनिट पुरलं असतं. सुनेने बादली उचलली.

"मी सांगते," ती म्हणाली, आणि आधी सगळ्या कोंबड्यांना खाद्य घालून आली.