भाकरीचे दिवस, हुग्गीचे दिवस

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. तीन बटणे, एक पिवळी दोरी, काचेवर दोन चरे. जळकोटजवळच्या एका शाळेत गुरुलिंग सरांच्या गळ्यात मी नऊ वर्षे काढली. माझे आकडे सर तारखेसह वहीत उतरवतात.

मित्रांनो, नववीतली महेश्वरी सरावात एक्केचाळीस वेळा पंधराशे मीटर धावली. प्रत्येक वेळी पूर्ण. शर्यतीत मात्र ती दोनदा अर्ध्यातच कोसळली. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. दुसऱ्यांदा, धाराशिवच्या मैदानावर, तिला श्वासही घेता येईना. तेव्हा मी तीन मिनिटे चाळीस सेकंदांवर थांबले. दवाखान्यात इंजेक्शन मिळाले म्हणून ती वाचली.

"भित्री हाय. शर्यत म्हटलं की पाय गळतात," मुले हसली.

"आता पळणं बंद," तिची आई मल्लम्मा म्हणाल्या. मी कपाटात गेले. तीन आठवडे धूळ खाल्ली.

महेश्वरीने मात्र वही मागून घेतली. "सर, मी भीत न्हाय. यात एक रकाना वाढवते."

त्या रकान्यात तिने त्या त्या दिवशीचे जेवण लिहिले. सरावाच्या दिवशी डब्यात ज्वारीची भाकरी. शर्यतीच्या दोन्ही दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर.

मल्लम्मा चिडल्या. "शर्यतीला लेकीला भाकरीवर धाडू व्हय? आन् बसवजयंतीला दोन वाट्या हुग्गी खाल्लीस की, काय झालं?"

"त्या दिवशी मी पळले न्हाय, आई."

दुसऱ्याच दिवशी मल्लम्मा लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

तपासण्यांनंतर डॉक्टरांनी तेच सांगितले. नुसता गहू तिला त्रास देत नाही, नुसते धावणेही नाही. गहू खाऊन ती धावली, की जिवावर बेतते. धावण्याआधी सहा तास गहू बंद. एकटीने पळायचे नाही. अंग खाजले की थांबायचे. सरांना त्यांनी इंजेक्शन द्यायला शिकवले. सरांनी माझी धूळ पुसली.

मित्रांनो, कोसळलेल्या सोबत्याला भित्रा म्हणू नका. आधी मोठ्यांना हाक मारा, दवाखान्यात न्या. मग विचारा, आज काय खाल्ले होतेस?

या वर्षी धाराशिवला मल्लम्मा स्वतः आल्या. डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी होती.

"हुग्गी उद्या," त्या म्हणाल्या. "उद्या पळायचं न्हाय."

इंजेक्शन सरांच्या पिशवीत होते. शिट्टी वाजली. सरांनी माझे बटण दाबले.

पंधराशे मीटर. पाच मिनिटे, अकरा सेकंद.