लाहीचं हळदीकुंकू

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यावर गुंडूरावांच्या घरी लाही नावाची एक पांढरी पॉमेरेनियन कुत्री होती. तिचं वजन चार किलो, आणि त्यातली तीन किलो भीती, असं गुंडूराव म्हणत. दारावरची बेल वाजली की ती असा थयथयाट करी की आलेल्या बायकांना हळदीकुंकू नको पण कुत्रं आवर, असं होऊन जाई. मागच्या चैत्रात तर एकदा हातून निसटून तिने चिकपेटच्या एका साडीवाल्याच्या बायकोचा कोरा पदर दातात धरला. पदर सुटला, पण ती बाई पुन्हा या घराची पायरी चढली नाही.

म्हणून यंदा, सत्त्याण्णव सालच्या गुढीपाडव्याला, गुंडूरावांनी परस्पर निकाल लावून टाकला. त्यांचा पुतण्या व्यंकोजी याची होसकोटेला हमरस्त्यालगत पत्र्याची शेड होती आणि त्याला राखणीला भुंकणारं कुत्रं हवं होतं. "अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी ये आणि घेऊन जा," ते फोनवर म्हणाले. "त्या दिवशी आमची गौर उठते. मोठं हळदीकुंकू तेवढं होऊ दे."

बायकोला त्यांनी विचारलं नव्हतं. इंदिराबाई स्वयंपाकघरात कैरी किसत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. मुलगा परदेशी गेल्यापासून दुपारच्या वेळी त्या घरात हालचाल करणारा तेवढाच एक जीव होता. तो आता ट्रकांच्या आवाजात साखळीला बांधला जाणार होता. त्यांना रडू आलं आणि नवऱ्याचा रागही आला. पण कुत्री भुंकत होती हे खरंच होतं.

चैत्रगौर झोपाळ्यात बसली. मग महिनाभर रिवाजच असा की कोणत्याही दिवशी शेजारच्या सवाष्णी येणार, त्यांना आंब्याची डाळ, पन्हं द्यायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची. आणि दुसरा रिवाज या घराचा स्वतःचा. बेल वाजली की लाहीला उचलायचं, न्हाणीघरात टाकायचं आणि बाहेरून कडी लावायची. गौरीपुढे, सोवळ्याच्या घरात, कुत्रं कसं चालेल? तीन वर्षं हे असंच चाललं होतं.

पंचमीला पहिली बेल वाजली तेव्हा इंदिराबाईंचे हात हळदीने भरलेले होते. त्यांना क्षणभर उशीर झाला. लाही दाराकडे धावलीच नाही. ती न्हाणीघरासमोर जाऊन उभी राहिली, थरथर कापत, आणि तिथून इंदिराबाईंकडे बघून भुंकू लागली. कोंडणार ना, मग कोंडा, असंच जणू ती सांगत होती.

इंदिराबाईंच्या लक्षात आलं. या पोरीच्या लेखी बेल म्हणजे पाहुणा नव्हताच. बेल म्हणजे कडी. हे तिला शिकवलं कोणी, तर आपणच, रोज, तीन वर्षं. आणि होसकोटेला ती जाणार. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं ते याहून वेगळं काय असतं?

संध्याकाळी त्यांनी वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुग्धाला हाक मारली. ही पुण्याची मुलगी वर्षापूर्वी कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आली होती.

"मुग्धा, स्वल्प काम होतं. जाता-येता आमची बेल वाजवायची."

"आणि आत येऊ?"

"यायचं नाही. वाजवायची आणि निघून जायचं."

"काकू, आमच्या पुण्याच्या सोसायटीतली मुलं हेच करतात, तर त्यांना ओरडा बसतो," मुग्धा म्हणाली. पण तिने वाजवली. सकाळी, संध्याकाळी, रविवारी तर सात वेळा.

प्रत्येक बेलला इंदिराबाई लाहीपुढे एक मऊ शिजवलेला हरभरा टाकत. तिला उचलायचं नाही, कोंडायचं नाही. पहिल्या दिवशी लाहीने हरभऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी भुंकून झाल्यावर खाल्ला. आठव्या दिवशी बेल वाजली आणि तिने आधी इंदिराबाईंच्या हाताकडे पाहिलं.

मग पाळी पाहुण्यांची. कुंकू लावायच्या आधी प्रत्येकीच्या हातात एक हरभरा आणि ताकीद. "तिच्याकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. बसा आणि हळूच खाली सोडा."

"म्हणजे अक्का, यंदा ओटी आम्ही भरायची, ती पण कुत्रीची?" एकीने विचारलं.

"होय," इंदिराबाई म्हणाल्या.

गुंडूरावांना हे पसंत नव्हतं. "गौरीपुढे कुत्रं?"

"गौर माहेरपणाला आली आहे. माहेरी कुणाला कोंडून ठेवलेलं तिला बरं वाटेल?"

"सरी, सरी, बरं," म्हणत ते पेपरमागे गेले.

आणि पाच दिवस उरले असताना गॅसवाल्याने भरलेलं सिलिंडर पायरीवर धाडकन आदळलं. लाही जी पलंगाखाली शिरली ती बाहेर येईना. हरभरे तसेच पडून राहिले. एवढी मेहनत पाण्यात गेली. इंदिराबाईंनी तिला ओढून काढली नाही. दुखरे गुडघे घेऊन त्या पलंगाशेजारी फरशीवर बसून राहिल्या, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. गुंडूराव दोन-तीनदा दारापर्यंत आले, बघून परत गेले.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. मुग्धा तर ऑफिसला गेलेली. दारात गुंडूराव होते, भाजीची पिशवी घेऊन.

"किल्ली विसरलो," ते म्हणाले.

त्या दिवशी ते चार वेळा किल्ली विसरले. चौथ्या वेळी लाही पलंगाखालून बाहेर आली.

अक्षय्य तृतीयेला तिसेक बायका जमल्या. लाही एकीपासून दुसरीकडे हरभरे गोळा करत फिरत होती. साडेपाचला व्यंकोजी दारात आला. पायात जाड बूट, हातात साखळी. बूट दाणदाण वाजले तसे लाहीचे कान पडले. तिने न्हाणीघराकडे पाहिलं. तिथलं दार सताड उघडं होतं. इंदिराबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, एकीच्या कपाळावर बोट टेकलेलं. त्यांना हलताही येईना.

गुंडूरावांनी वाटीतला एक हरभरा उचलून पुतण्याच्या हातावर ठेवला. "आधी हे. तिच्याकडे बघू नको. खाली सोड."

व्यंकोजीने सोडला. लाही पोट जमिनीला घासत पुढे आली, हरभरा खाल्ला, आणि त्या बुटांपाशी बसून वर बघू लागली.

"काका, ही भुंकत नाही?"

"नाही."

"मग शेडमध्ये चोर आला तर?"

"त्याच्याकडेही हरभरा मागेल."

बायका खळखळून हसल्या आणि लाही त्या हसण्यालाही दचकली नाही. इंदिराबाईंचे डोळे भरून आले, त्यांनी ते पुसलेही नाहीत. व्यंकोजी आंब्याची डाळ खाऊन, पन्हं पिऊन साखळी परत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडूराव न्हाणीघराच्या दारापाशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभे होते. बाहेरची कडी त्यांनी काढून हातात घेतली होती.

"हे काय?" इंदिराबाईंनी विचारलं.

"गंजली होती," ते म्हणाले.

कडी पितळेची होती.