खंडेनवमीला उघडलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप. अंगाने अजून धडधाकट आहे, पण माझ्या भरवशावर कुणी राहू नये, असे आता माझे मलाच वाटते. का, ते सांगतो.

माझी उमेदवारी लकडगंजातल्या एका लाकडाच्या वखारीत झाली. एकदा एक चोर माझ्याशी तीन दिवस झुंजला. चौथ्या दिवशी तो इतका थकला, की मालकाने त्याला चहा पाजला आणि तिथेच चौकीदार म्हणून ठेवून घेतला. खोटे वाटत असेल तर त्याच्या नातवाला विचारा. तोही तिथेच चौकीदार आहे.

पुढे १९८८ साली मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात आलो. तिथे उत्तराताई संशोधन सहायक होत्या. एचआयव्ही तेव्हा नवा होता. त्यावर औषध हाती नव्हते, भीती मात्र गावोगाव पोचली होती. या रोग्यांच्या तापाखोकल्यावर कोणत्या उपचाराने किती गुण येतो, याची नोंद ताई ठेवत. वजन घेत, रक्ताच्या नळीवर चिठ्ठी लावत. चिठ्ठीवर नाव नसे, नुसता आकडा. कोणता आकडा कुणाचा, हे एकाच वहीत होते. ती वही कपाटात, आणि कपाटाला मी.

सतरा नंबर म्हणजे उमरेडचा विणकर श्रावण. पहिल्या दिवशी तो खुर्चीच्या काठावरच टेकला होता.

"ताई, नाव लिवू नका. आळीत समजलं तं मले मागावर बसू देणार नाही कोणी."

ताईंनी मला टिचकी मारली. "हे आहे ना. याच्या पलीकडे कुणी जात नाही."

"कुलपाचं काय सांगता ताई, माह्या सासऱ्याच्या पेटीलेही होतं. तरी सासूले सगळं मालूम."

पण हसला, आणि नाव सांगितले. मी तर फुगून गेलो. वर्षभर तो दर महिन्याला आला. त्याचे वजन दोन किलो वाढले.

मग खंडेनवमी आली. ज्याच्या हाती जे हत्यार, त्याची त्या दिवशी पूजा. शिपाई नत्थूजींनी पाट मांडून वजनकाटा आणि थर्मामीटर ठेवले.

"ताई, तुमची वही काहून नाही? वर्षभर तिच्यावरच तं राबून राहिल्या तुम्ही."

"ती नको, नत्थूजी."

"देवाले का वाचता येते? फुलं झाकतीन तिले."

ताई हसल्या. चावी फिरली. नत्थूजींनी मला उघडेच पाटावर ठेवले, कुंकू लावले, झेंडूचा हार घातला. शेजारी वही. आयुष्यातला पहिला हार, आणि मी तोंड वासून बसलेलो.

प्रसादाला बाहेरचे लोकही आले. त्यात उमरेडचे नानाजी होते, बायकोला डॉक्टरांना दाखवायला घेऊन आलेले. वहीत फूल ठेवावे म्हणून त्यांनी ती उघडली.

"हा तं आमच्याच आळीतला श्रावण. याचं नाव इथं कसं?"

"ठेवा खाली, नानाजी," लाडू वाटता वाटता नत्थूजी घाईने बोलून गेले. "त्या नव्या बिमारीवाल्याइची वही हाय ते."

ताईंच्या हातातला लाडू तसाच राहिला.

पुढच्या महिन्यात श्रावण वळकटी घेऊन आला. बसला नाही.

"मले मागावरून उठवलं, ताई. पोरीलेही विहिरीवर येऊ नको म्हणते लोक."

मग तो कपाटापाशी आला आणि मला ओढून पाहिले. "कुलूप तं साबूत हाय. कोणी तोडलं नाही."

"नाही. मीच उघडलं," ताई म्हणाल्या.

"काहून?"

"पूजेसाठी."

श्रावणने मला सोडून दिले. "मी या कुलपावर नाही ठेवला भरवसा. तुमच्यावर ठेवला होता," एवढे बोलून त्याने वळकटी उचलली.

ताई दोनदा उमरेडला जाऊन आल्या. घर बंद होते. सतरा नंबरापुढे त्या सहा महिने 'आला नाही' लिहीत राहिल्या.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कुणी आपला आजार विश्वासाने तुमच्याजवळ ठेवला, तर तो देवापुढेसुद्धा मांडू नका. मांडायचाच झाला, तर आधी त्या माणसाला विचारा. श्रावणला कुणी विचारले नव्हते.