हौसामावशी हलली नव्हती

माझं पडद्यांचं दुकान सुकापूरच्या रस्त्याला आहे आणि मापाचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो. खिडकी लांबून बघून मी तिची रुंदी सांगतो. टेप लावली की फार तर अर्ध्या इंचाचा फरक निघतो. गिऱ्हाइकं कौतुक करतात आणि मी फुगतो.

वरच्या मजल्यावरच्या हेतलबेन मुलाकडे परदेशी राहायला निघाल्या, तेव्हा जाताना त्यांनी सासऱ्यांचा जुना कॅमेरा माझ्या हातात ठेवला. फ्रान्सचा, मुठीत मावणारा, रोलवर चालणारा. त्यात आपोआप काहीच होत नव्हतं. उन्हाप्रमाणे एक कडं फिरवायचं आणि माणूस किती लांब आहे ते नजरेने ठरवून भिंगाचं कडं त्या आकड्यावर आणायचं. एक, दीड, दोन, तीन, पाच आणि शेवटी आडवा आठ, म्हणजे पार लांबचं. नजरेने अंतर ओळखायचं म्हटल्यावर मला वाटलं, हा कॅमेरा माझ्यासाठीच बनवलाय. कुणाला काही विचारायची गरजच वाटली नाही.

दुकानासमोर हौसामावशी मासळी विकायला बसते. कॅमेरा बघून ती म्हणाली, "माजा येक चांगला फोटू काढ रं गोरख. आधारवर मी चोरावानी दिसतंय."

दुसऱ्या दिवशी ती टोपली न घेता आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. मी तिला स्टुलावर बसवलं, समोर उभा राहिलो. पाच फूट, बरोबर पाच. कडं पाचावर आणलं आणि म्हणालो, "मावशी, अजिबात हालू नको."

तिने श्वास कोंडून धरला. खटका दाबल्यावरही तशीच बसून राहिली आणि थोड्या वेळाने दबक्या आवाजात विचारलं, "आता दम घेऊ?"

रोल धुवायला मुंबईला पाठवला. फोटो आले तर मावशीच्या मागच्या भिंतीवरची 'येथे गाड्या लावू नयेत' ही पाटी स्वच्छ वाचता येत होती आणि मावशीचा चेहरा तूप वितळल्यासारखा झाला होता. मग मोबाईलवर शोधलं. आकडे मीटरचे होते. दिवसभर मी कापड मीटरनेच फाडतो, पण अंतर म्हटलं की माझ्या डोक्यात फूटच येतो. मावशी पाच फुटांवर होती आणि मी कडं पाच मीटरवर लावलं होतं.

ती फोटो बघायला आली तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं पडदे पसंत करत होती. त्यांच्यासमोर माझं माप चुकलं, हे तोंडातून निघेना.

"मावशी, तू हाललीस," मी म्हणालो.

"नाय रं. मी दम धरून बसलेले."

"थोडी हाललीस. जुन्या कॅमेऱ्याला तेवढंही चालत नाही."

तिने फोटो जवळ धरला, लांब धरला. "हाललीच असंन," ती म्हणाली. "आता म्हातारी झाले." संध्याकाळी तिने माझ्या हातात बोंबलांची पिशवी ठेवली. माझा रोल तिने वाया घालवला, त्याचं तिला वाईट वाटत होतं. मी ती घेतली आणि बोंबील घरी नेऊन खाल्लेसुद्धा. त्या घासांची लाज अजून गेलेली नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तिच्या नातीची, रियाची हळद होती. कोळीवाड्यात मांडव होता, मलाही बोलावणं होतं. फोटोग्राफरने घरच्यांना उभं केलं. मावशी मागे खुर्चीवर बसून राहिली.

"आजी, ये ना," रियाने हाक मारली.

"नको गो. मी हालतंय. माज्यापायी सगल्यांचा फोटू बिघडंल."

फोटोग्राफर म्हणाला, हल्लीच्या कॅमेऱ्यात तसं होत नाही. ती जागची उठेना. तिचा मुलगा काशिराम मला म्हणाला, "वरीस झाला, आय कुनाला फोटू काढू देत नाय."

मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मावशी, तू हालली नव्हतीस. माझं माप चुकलं. आकडे मीटरचे होते, मी फूट धरले. आणि तुझ्याशी खोटं बोललो."

आधी काशिराम हसला. "गोरखचा माप चुकला? कुनाला सांगतं?" मग सगळेच हसले. मी शपथ घेतली, हात जोडले. तसे मावशीचे डोळे भरून आले.

"बगा रं," ती म्हणाली, "माजा मन राखाया सवताला नावं ठेवतंय. असा मानूस मिलायचा नाय." तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मी आणखी बोलायला गेलो, तर तिने मला खांद्याला धरून उठवलं. "जा, माज्या जागी तू उभा ऱ्हा. तू घरचाच हाय."

काशिरामने मला ओढून नेलं. मी नको म्हणालो, पण ठामपणे नाही.

तो फोटो त्यांच्या ओटीवर लावलाय. रियाच्या शेजारी, जिथे आजी हवी होती, तिथे मी उभा आहे आणि अगदी स्पष्ट आलोय.